आधी नंबर, मग पाना: जुनं मोटरहोम उघडण्यापूर्वी

अमेरिकेत जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली चालती गाडी, विकत घेतलेल्या नवख्या माणसाचा पहिला शनिवार बहुधा एकाच प्रकारे जातो. कुबट गालिचा ओढून काढायचा, पाण्याने फुगलेली कपाटं तोडायची आणि संध्याकाळी अंगणातल्या ढिगाऱ्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. काम सुरू झाल्याचं समाधान मिळतं खरं, पण त्याच ढिगाऱ्यात कपाटाच्या दारामागे चिकटवलेला छापील कागद गेलेला असतो. पुढे ब्रेकचे भाग मागवायची वेळ आली की दुकानदार विचारतो, "चेसिस कुठली? वर्ष कोणतं? मागचा एक्सल कुणाचा?" तेव्हा उत्तर देणारा कागद कचराडेपोत पोचलेला असतो.

म्हणून सांगतो, पहिले काही दिवस काहीही उघडू नका, घासू नका, रंगवू नका. फक्त नंबर गोळा करा. गाडी अजून घेतलेली नसेल तर फारच उत्तम, कारण यातले निम्मे नंबर पैसे देण्याआधीच पाहायचे असतात. पुढची माहिती प्रामुख्याने १९७० ते १९९५ च्या दरम्यानच्या अमेरिकी मोटरहोमना लागू पडते. तिथे राहणारी मराठी मंडळी हौसेने हात घालतात त्या गाड्या साधारण याच काळातल्या असतात.

एका गाडीचे दोन कारखाने

हे आधी समजून घेतलं नाही तर पुढचा सगळा गोंधळ अटळ आहे. बहुतेक मोटरहोम एका कारखान्यात बनत नाहीत. डॉज, शेव्हरोलेट किंवा फोर्ड इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांसकट नुसता सांगाडा, म्हणजे चेसिस, बनवून देतात. विनेबागोसारखी कंपनी त्यावर घर बांधते. विनेबागोचा कारखाना आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीत आहे आणि १९६६ पासून तिथे मोटरहोम बनतात, पण सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या कित्येक गाड्यांखाली सांगाडा डॉजचा आहे. त्या दशकाच्या अखेरीस डॉजने या धंद्यातून अंग काढून घेतलं. त्यानंतर मोठ्या गाड्यांखाली शेव्हरोलेटचा पी-३० सांगाडा फार दिसतो आणि व्हॅनचं तोंड असलेल्या गाड्यांखाली फोर्ड ई-३५०.

त्यामुळे एकाच गाडीला दोन जन्मवर्षं असू शकतात. सांगाडा १९८८ चा आणि वरचं घर १९८९ चं मॉडेल म्हणून विकलेलं, हे अगदी सर्रास आढळतं. त्यात कुणी लबाडी केलेली नसते. मात्र ब्रेक, स्टीअरिंग, रेडिएटर मागवताना सांगाड्याचं वर्ष सांगायचं आणि खिडकीचं रबर, दाराचं कुलूप, छताचं झाकण मागवताना घराचं. हे उलटं झालं की चुकीचे खोके घरी येऊ लागतात.

जीएमसीचं मोटरहोम याला ठळक अपवाद आहे. १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने (जीएम) ते सांगाड्यापासून बाहेरच्या अंगापर्यंत स्वतःच बनवलं, तेही डेट्रॉईटजवळच्या पॉन्टिअॅक गावात. डेट्रॉईटच्या ट्रॉय किंवा नोव्हाय उपनगरात राहणाऱ्यांना ते गाव घरापासून फार दूर नाही. एकूण गाड्या जवळपास १३ हजार. पण इथेही एक मेख आहे. काही गाड्या आतून रिकाम्या विकल्या गेल्या आणि त्यांची सजावट दुसऱ्या कंपन्यांनी केली. म्हणजे बाहेरून जीएमसी असलेल्या गाडीत आतल्या कपाटांचा कारखाना वेगळा निघू शकतो.

पहिलं काम: हातात कागद घ्या

गाडीकडे जाण्याआधी टायटल पाहा. आपल्याकडच्या आरसी बुकासारखाच हा मालकीचा कागद. त्यावरचा गाडीचा ओळख नंबर (व्हीआयएन) एका वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या. गाडी कुणी बनवली त्या रकान्यात (मेक) 'विनेबागो' असेल किंवा 'डॉज', दोन्ही चालतं. राज्याने पहिल्यांदा नोंदणी करताना जे लिहिलं तेच पुढे चालत आलेलं असतं.

१९८१ च्या मॉडेलपासून पुढच्या गाडीचा नंबर बरोबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० शी गल्लत करतात. टायटलवर 'ओ' दिसला तर तो शून्य समजा आणि टंकलेखकाला माफ करा. त्याआधीच्या गाड्यांना असा एकसमान नियम नव्हता, प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. १९७३ ते १९८० च्या जीएमच्या ट्रकवर १३ अक्षर-अंकांचा नंबर येतो आणि त्यातला सहावा अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. जीएमसी मोटरहोमचा नंबर टीझेडई या तीन अक्षरांनी सुरू होतो, मग दोन अंक, मग वर्षाचा अंक, मग पॉन्टिअॅकच्या कारखान्याचा 'व्ही' आणि शेवटी अनुक्रमांक. वर्षाच्या जागी ६ असेल तर गाडी १९७६ ची.

इंटरनेटवर नंबर टाकून माहिती देणारी बहुतेक साधनं, अमेरिकी सरकारच्या वाहन सुरक्षा विभागाचं साधनही, १७ अक्षर-अंकांच्या नंबरांसाठीच बनलेली आहेत. १३ अंकी नंबर टाकला आणि 'अवैध' असं उत्तर आलं, तर विक्रेत्याला चोर ठरवू नका.

दुसरं काम: पुढच्या काचेपासून सुरुवात

चालकाच्या बाजूला, काचेच्या कोपऱ्यात डॅशबोर्डवर पाहा. मग चालकाच्या डावीकडचा खांब, सीटच्या शेजारची भिंत, पायाजवळचा पत्रा. व्हॅनचं तोंड असलेल्या गाडीत चालकाचा दरवाजा उघडून चौकटीवर पाहा. बहुधा इथे दोन वेगळ्या गोष्टी सापडतील. एक म्हणजे रिवेटने ठोकलेली धातूची छोटी पट्टी, तिच्यावर मुख्य नंबर. दुसरं म्हणजे स्टिकर किंवा पातळ पत्रा, त्यावर महिना, वर्ष आणि वजनाचे आकडे. हे दुसरं लेबल नीट वाचा, कारण त्यावर घर बांधणाऱ्या कंपनीचं नाव असतं. भरलेल्या गाडीचं कमाल वजन आणि प्रत्येक एक्सलने पेलायचं कमाल वजनही तिथेच लिहिलेलं असतं. पुढे लाकडी फर्निचर, मोठी टाकी, सौर पॅनेल लावायचे बेत होतील तेव्हा हाच आकडा तुम्हाला रोखणार आहे किंवा परवानगी देणार आहे.

पट्टीवरचे रिवेट पाहा. जीएमच्या आणि डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांवर फुलाच्या आकाराचं डोकं असलेले खास रिवेट वापरलेले दिसतात. त्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले साधे पॉप रिवेट असतील, पट्टीभोवती ओरखडे असतील किंवा पट्टीखालचा रंग बाजूच्या रंगाहून वेगळा असेल, तर थांबा. एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही, पण सांगाड्यावरचा नंबर पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत एवढं मात्र नक्की ठरतं.

घराच्या कंपनीचा अनुक्रमांक वेगळा शोधावा लागतो. प्रवेशदाराच्या बाहेरची बाजू, कपड्यांच्या कपाटाचं दार, सिंकखालची जागा, पलंगाखालचा खण, वीज वितरणाच्या डब्याचं झाकण, सगळीकडे टॉर्च फिरवा. प्रवेशदाराशेजारी आरव्हीआयए या उद्योगसंघटनेची नंबर असलेली सीलही असू शकते. तिच्यावरून गाडीचं वर्ष ठरवायला जाऊ नका, पण फोटो काढून ठेवा.

तिसरं काम: सांगाड्यावर ठोकलेला नंबर

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. डॅशवरची पट्टी काढता येते, स्टिकर झिजतं, पण जाड पोलादी पट्टीत ठोकलेला नंबर सहसा टिकतो. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या चाकांच्या आसपास, सांगाड्याच्या लांब पट्टीच्या वरच्या किंवा बाहेरच्या बाजूवर असतो. फोर्डच्या ट्रक-व्हॅनमध्ये उजवी पट्टी आधी पाहावी. नाही सापडला तर दोन्ही पट्ट्यांवरून, पुढून मागे, बोटांनी चाचपत जा. पन्नास वर्षांच्या चिखल-ग्रीसच्या थराखाली डोळ्यांआधी बोटांना तो कळतो.

खाली जाण्याआधी चार गोष्टी. बॅटरी सोडवा. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, सांगाड्याखाली भक्कम स्टँड लावा. जीएमसी मोटरहोमच्या बाबतीत हे दुप्पट खरं, कारण तिची मागची चाकं हवेच्या फुग्यांवर पेललेली असतात. जुना फुगा गळला की गाडी खाली बसते. आणि जागोजागी उंदरांच्या लेंड्या असतील तर झाडू मारू नका. अमेरिकेत उंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस पसरतो. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशकाने घाण आधी ओली करा, मग पुसून काढा.

आता सफाई. ग्राइंडर, सँडर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, तिन्ही घरात ठेवून या. ठोकलेल्या आकड्याची खोली फारच थोडी असते आणि अतिउत्साही माणूस दोन मिनिटांत तो गुळगुळीत करून टाकतो. मग पोलीस तपासनिसाला 'मी फक्त गंज काढत होतो' हे पटवणं अवघड जातं. रॉकेल किंवा ग्रीस काढणारं द्रावण शिंपडा, पंधरा मिनिटं मुरू द्या, प्लास्टिकच्या पट्टीने थर खरवडा, मग पितळी तारांचा मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. रंगाचा थर असेल तर रंग काढायची जेल लावा. हे सगळं सांगाड्यासाठी. अॅल्युमिनियमच्या पट्टीला ब्रश लावू नका, ओलं फडकं पुरे. कागदी स्टिकरला तर द्रावण अजिबात नको, शाई उडून जाते.

नंबर अर्धवट दिसत असेल तर आपल्याकडची जुनी युक्ती वापरा. गाडीची नोंदणी किंवा हस्तांतर करताना आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट द्यावी लागते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पातळ कागद नंबरवर घट्ट धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून वरून फिरवायची. चिकटपट्टीवर ग्रॅफाइट उमटवून घेणारे एजंटही आठवत असतील. हीच पद्धत इथेही उत्तम चालते आणि कॅमेऱ्यात न येणारे ३ आणि ८ यांतले फरक कागदावर स्पष्ट उमटतात. पेन्सिल नसेल तर पांढरा खडू आकड्यांत चोळून वरून पुसून घ्या. फोटो काढताना टॉर्च समोरून मारू नका, एका कडेकडून तिरपा धरा, म्हणजे आकड्यांना सावली पडते. दोन्ही बाजूंच्या उजेडात फोटो काढा.

नंबर वाचायचा कसा

१७ अंकी नंबरात नववी जागा पडताळणीची असते. बाकीच्या अक्षर-अंकांना ठरावीक वजनाने गुणून, बेरजेला ११ ने भागून जी बाकी उरते ती तिथे लिहितात, बाकी १० आली तर 'एक्स'. हा हिशेब हाताने करायची गरज नाही, संकेतस्थळं करून देतात. उपयोग एवढाच की तुम्ही एखादा अंक चुकीचा वाचलात तर हिशेब जुळत नाही आणि चूक लगेच कळते.

दहावी जागा मॉडेलवर्षाची. १९८१ ला बी, १९८२ ला सी, असं पुढे जात १९८७ ला एच, १९८८ ला जे, १९९० ला एल, १९९५ ला एस आणि २००० ला वाय. मधली आय, ओ, क्यू, यू ही अक्षरं वगळलेली आहेत. पण हे वर्ष सांगाड्याचं, हे विसरू नका. विक्रेता '८९ ची गाडी' म्हणतो आणि दहाव्या जागी जे निघतो, तेव्हा आवाज चढवण्याआधी घर बांधणाऱ्याचं लेबल पाहा.

इंजिन: ओतलेला नंबर वेगळा, ठोकलेला वेगळा

नवीन माणूस हमखास गोंधळतो तो इथे. इंजिनच्या ब्लॉकवर उठावदार, जाडजूड आकडे दिसतात आणि तो खूश होऊन उतरवून घेतो. ते ओतकामाचे आकडे असतात, त्या साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तेच असतात. त्यावरून इंजिनचा प्रकार कळतो, तुमचं इंजिन नेमकं कुठलं ते नाही. जीएमच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते, महिन्याला अक्षर, जानेवारीला ए आणि डिसेंबरला एल. 'सी १४ ३' म्हणजे १४ मार्च आणि ३ ने संपणारं वर्ष. दशक तुम्हीच ओळखायचं.

तुमच्या इंजिनचा स्वतःचा नंबर सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला, खोलगट असतो. पी-३० मधल्या शेव्हरोलेट ३५० किंवा ४५४ इंजिनात (हे आकडे इंजिनच्या घनइंचांतल्या आकाराचे) तो ब्लॉकच्या पुढच्या भागात, उजव्या हेडच्या अगदी समोर मिळतो. मोटरहोममध्ये तिथे पोचायला दोन सीटमधलं इंजिनचं झाकण उचलावं लागतं. बऱ्याच जीएम इंजिनांवर गाडीच्या नंबराचा शेवटचा भागही ठोकलेला असतो. तो जुळला तर इंजिन मूळचं. नाही जुळला तरी मोटरहोमच्या बाबतीत मी फार मनावर घेत नाही, इतकं वजन ओढणारं इंजिन कधीतरी बदललेलं असणारच. फक्त त्यानंतर सुटे भाग गाडीच्या वर्षावरून न मागवता इंजिनच्या नंबरावरून मागवा.

डॉजवरच्या विनेबागोत ही शहानिशा अधिकच गरजेची. तिथे ४१३ आणि ४४० ही इंजिनं येतात आणि त्यांच्यापुढे -१ किंवा -३ असतं. ४४०-१ आणि ४४०-३ ऐकायला एकच वाटतात, पण -३ हे जड कामाचं इंजिन आहे आणि त्याचे कित्येक भाग -१ ला बसत नाहीत. डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट जागेवर ठोकलेला मजकूर पूर्ण उतरवून घ्या. जीएमसीत १९७३ पासून जीएमच्याच ओल्ड्समोबिलचं ४५५ इंजिन होतं, १९७७ मध्ये त्याच्या जागी ४०३ आलं, म्हणून १९७७ च्या गाडीत कुठलं आहे ते विचारून नव्हे, पाहून ठरवा.

गिअरबॉक्सच्या उजव्या अंगावर धातूचं बिल्ल्यासारखं लेबल शोधा. मागच्या एक्सलच्या गोल झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याचा टॅग असतो, गळून गेला असेल तर डॅना कंपनीच्या एक्सलवर नळीवरही नंबर ठोकलेला मिळतो. ब्रेकचं सामान मागवायला हा नंबर मुख्य नंबराहूनही जास्त उपयोगी पडतो.

छोटं टोयोटा मोटरहोम असेल, डॉल्फिन किंवा सनरेडर, तर मागच्या चाकाचे नट मोजा. पाच असतील तर तो सुरुवातीचा हलका एक्सल, घराचं वजन त्याला झेपत नव्हतं म्हणून पुढे त्याबद्दल सुरक्षा मोहीम निघून जड एक्सल बसवले गेले. सहा नट म्हणजे जड एक्सल. पाच नटांची गाडी रस्त्यावर आणण्याआधी हे काम पहिलं.

नंबर जुळत नाहीत तेव्हा

टायटल, डॅश आणि सांगाडा, हे तीन नंबर तंतोतंत जुळायला हवेत. एखादा अंक मागेपुढे झालेला असेल तर ती टंकनाची चूक असू शकते, पण ती दुरुस्त करून घेणं विक्रेत्याचं काम आणि तेही पैसे घेण्याआधी. 'नंतर होऊन जाईल' हे वाक्य ऐकलं की मी तरी गाडीची किल्ली परत देतो. चोरीची तपासणी नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट होते. टायटलचा इतिहास पाहायला एनएमव्हीटीआयएस या राष्ट्रीय नोंदवहीतून अहवाल विकत मिळतो.

सांगाड्याचा नंबर गंजून पूर्ण गेला असेल किंवा पट्टीच गायब असेल, तर स्वतः काही ठोकायला जाऊ नका. गाडीचा ओळख नंबर काढणं, खोडणं किंवा बदलणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी अपरिहार्य असेल तेव्हा कायद्यात सवलत आहे, पण ती सिद्ध करायची पाळी स्वतःवर आणू नका. राज्याच्या वाहन विभागाला आधी कळवा. ते तपासणी करून नवा नंबर देऊ शकतात, प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या 'मूळसारख्या' कोऱ्या पट्ट्या कितीही सुबक असोत, विकत घेऊ नका.

घरातल्या यंत्रांचे नंबर

फ्रिज, पाणी तापवायचा बंब, हीटर आणि जनित्र, प्रत्येकाला स्वतःचा मॉडेल नंबर आणि अनुक्रमांक असतो. फ्रिजचं लेबल दार उघडल्यावर आतल्या भिंतीवर किंवा बाहेरच्या जाळीमागे मिळतं. ते आधी नोंदवा, कारण गॅसवर चालणारे डोमेटिक आणि नॉरकोल्ड कंपन्यांचे काही फ्रिज आगीच्या धोक्यामुळे परत मागवले गेले होते. तुमचा त्यात आहे का हे फक्त नंबरावरून कळतं. ओनान जनित्राच्या लेबलवर मॉडेलसोबत 'स्पेक' म्हणून एक अक्षर असतं. तेही लिहा, त्याशिवाय दुकानदार फिल्टरसुद्धा देत नाही.

विनेबागोची बरीच जुनी माहितीपत्रकं आणि वायरिंगच्या आकृत्या कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. वर्ष आणि मॉडेल नक्की झालं की त्या छापून घ्या. बाकी सगळे नंबर, पेन्सिल प्रिंट आणि फोटो एका फाइलीत ठेवा, एक प्रत गाडीबाहेर. प्रत्येक नंबरापुढे तो कुठे सापडला तेही लिहा: 'उजवी पट्टी, पुढच्या चाकाच्या मागे वीतभर'. तपासनीस येतो तेव्हा नंबर आठवतो, जागा आठवत नाही.

आणि टायर. त्यांच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतर एक कोड असतो. त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१२ असेल तर २०१२ चा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच अंक असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. असं मोटरहोम घरी आणायचं झालं, तर खोबणी कितीही खोल दिसो, ते ओढगाडीवरूनच आणा.